खोडलेल्या पुराव्याची तीनशे वर्षं

लंडनच्या धुराड्यांमध्ये उतरून काजळी खरवडणाऱ्या एका पोराला एक जडवलेला दागिना सापडला. त्याची किंमत कळावी म्हणून तो पॉल द लामेरी या नामांकित सोनाराच्या दुकानात गेला. दुकानातल्या उमेदवाराने वजन करायच्या निमित्ताने दागिना आत नेला, त्यातले खडे काढून घेतले आणि मालकाला सांगितलं की याचे दीड पेनी होतात. मालकाने पोराला तेवढे पैसे देऊ केले. पोराने ते घेतले नाहीत; माझी वस्तू मला परत द्या, म्हणून तो अडून बसला. हातात आलं ते नुसतं कोंदण. पोरगा थेट न्यायालयात गेला.

१७२२ सालचा हा खटला इंग्रजी कायद्याच्या पुस्तकांत आजही शिकवला जातो. न्यायालयापुढे अडचण सोपी नव्हती. खडे समोर नसताना त्यांची किंमत ठरवायची कशी? ते कसे होते हे ठाऊक असणारी माणसं प्रतिवादीच्याच दुकानात होती, आणि ती बोलणार नव्हती. मुख्य न्यायाधीश सर जॉन प्रॅट यांनी ज्युरीला सांगितलं की सोनार खडे आणून दाखवत नसेल आणि ते हलक्या प्रतीचे होते हे सिद्ध करत नसेल, तर त्या कोंदणात बसतील असे उत्तमातले उत्तम खडे होते असं धरून भरपाई ठरवा. पुरावा ज्याने नाहीसा केला, त्याला त्या नाहीसेपणाचा फायदा मिळता कामा नये, हे सूत्र या निकालाने पक्कं केलं.

दीडशे वर्षांनी तेच सूत्र हिंदुस्थानात आलं. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ११४ खाली काही उदाहरणं दिली होती. त्यातलं ‘जी’ हे उदाहरण सांगतं की एखाद्याला पुरावा देता आला असता आणि त्याने तो दिला नाही, तर तो पुरावा त्याच्या विरोधातच गेला असता असं न्यायालय मानू शकतं. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे, फक्त कलमाचा क्रमांक ११९ झाला आहे.

सोनाराच्या उमेदवाराला खडे काढण्यासाठी हात चालवावा लागला होता. पत्र जाळायचं तर काडी ओढावी लागते, वही फाडायची तर ती आधी कपाटातून काढावी लागते. पुरावा नष्ट करणं ही कृती होती आणि तो टिकून राहायला कोणी काही करावं लागत नव्हतं. कपाटातला कागद आपला आपण राहत असे. संगणकाने हे नातं उलटं करून टाकलं. आता काहीच केलं नाही, तर पुरावा आपोआप जातो. तो राखायचा असेल तर कोणीतरी उठून काहीतरी थांबवावं लागतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या कायद्याचा गेल्या चाळीस वर्षांचा सगळा इतिहास या एका उलटापालटीभोवती फिरतो, आणि तो बहुतांशी अमेरिकेत घडला आहे.

अमेरिकेत घडण्याचं कारण तिथल्या दिवाणी प्रक्रियेत आहे. सप्टेंबर १९३८ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयांसाठी नवे दिवाणी नियम लागू झाले आणि त्यांतून ‘डिस्कव्हरी’ची विस्तृत पद्धत उभी राहिली. खटला ज्युरीपुढे जाण्याआधीच दोन्ही पक्षांनी आपापली कपाटं एकमेकांसाठी उघडायची. प्रतिपक्षाने मागितलेली पत्रं, हिशेब, टिपणं द्यायची, मग ती आपल्या विरोधात जाणारी का असेनात. १९७० मध्ये या नियमांत ‘डेटा कंपायलेशन’ हे शब्द घातले गेले आणि संगणकातली माहितीही कागदपत्रांत मोजली जाऊ लागली. जो कपाट उघडणार नाही किंवा उघडण्याआधी रिकामं करेल, त्याच्यासाठी शिक्षेच्या चढत्या पायऱ्या आहेत. प्रतिपक्षाचा खर्च भरून द्यावा लागतो. पुढच्या पायरीवर न्यायाधीश ज्युरीला सांगतात की हरवलेला पुरावा या पक्षाच्या विरोधातला होता असं तुम्ही समजू शकता. आणि अगदी टोकाला पुरावा न ऐकताच त्या पक्षाविरुद्ध निकाल. यातली मधली पायरी सगळ्यांत भयंकर, कारण दिवाणी खटल्यातही सामान्य नागरिकांची ज्युरी बसते, आणि खुद्द न्यायाधीशांच्या तोंडून असं ऐकलेली ज्युरी त्या पक्षावर पुन्हा सहसा विश्वास ठेवत नाही.

पहिला मोठा प्रसंग मात्र एखाद्या कंपनीचा नव्हता, तो व्हाइट हाउसचा होता. १९८० च्या दशकात तिथे राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे कर्मचारी ‘प्रॉफ्स’ नावाची आयबीएमची ईमेल व्यवस्था वापरत होते. इराणला गुपचूप शस्त्रं विकायची आणि त्यातले पैसे निकाराग्वातल्या कॉन्ट्रा बंडखोरांकडे वळवायचे, हा प्रकार नोव्हेंबर १९८६ मध्ये उघडकीला आला. तेव्हा परिषदेतल्या जॉन पॉइंडेक्स्टर आणि ऑलिव्हर नॉर्थ यांनी आपापल्या संगणकावरून हजारो संदेश खोडून टाकले. संदेश पडद्यावरून गेले म्हणजे ते संपले, अशी त्यांची समजूत होती. पण यंत्र बंद पडलंच तर माहिती परत मिळावी म्हणून त्या व्यवस्थेची नक्कल नियमितपणे चुंबकीय टेपांवर उतरवली जात असे. त्या टेपांवर संदेश शाबूत होते. या प्रकरणासाठी नेमलेल्या टॉवर आयोगाच्या तपासात तेच बाहेर आले.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या टेपा कोणी पुरावा म्हणून ठेवलेल्या नव्हत्या. आगीपासून, वीज जाण्यापासून, यंत्राच्या बिघाडापासून वाचण्यासाठी त्या होत्या, आणि ठरावीक दिवसांनी त्यांच्यावर नवी नक्कल उतरायची. काही आठवडे उशीर झाला असता तर नॉर्थ यांचे संदेश कायमचे गेले असते.

राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या कारकिर्दीचा शेवटचा पूर्ण दिवस म्हणजे १९ जानेवारी १९८९. त्या दिवशी पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह ही संस्था न्यायालयात गेली, कारण नवं सरकार येण्याआधी त्या टेपा पुसल्या जाणार होत्या. न्यायाधीश बॅरिंग्टन पार्कर यांनी त्याच दिवशी मनाई हुकूम दिला. पुढची काही वर्षं सरकारचं म्हणणं एकच होतं की महत्त्वाचे संदेश कागदावर छापून घेतले की झालं, मूळ खोडायला हरकत नाही. १९९३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ते नाकारलं. संदेश कोणाकोणाला गेला, कोणाला तो पोचला, ही माहिती छापील कागदावर येत नाही. म्हणून छापलेली प्रत ही मुळाची जागा घेऊ शकत नाही. इलेक्ट्रॉनिक नोंद ही स्वतःच एक दस्तऐवज आहे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा हा निकाल आज प्रत्येक वादात गृहीत धरला जातो. तेव्हा त्यासाठी साडेचार वर्षं भांडावं लागलं होतं.

पण हे राष्ट्राध्यक्षांच्या दफ्तराचं प्रकरण होतं. साध्या नोकरीच्या किंवा व्यवहाराच्या दाव्यात कोणी काय राखायचं, कधीपासून, आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, याची उत्तरं न्यूयॉर्कच्या एका रोखे विक्रेतीच्या खटल्याने दिली.

लॉरा झुबुलेक ही यूबीएस वॉरबर्ग या बँकेत आशियाई समभागांची विक्री करायची. पगार वर्षाला सुमारे साडेसहा लाख डॉलर. वरिष्ठ आपल्याला स्त्री म्हणून डावलतात अशी तक्रार तिने ऑगस्ट २००१ मध्ये समान रोजगार संधी आयोगाकडे केली. ऑक्टोबरमध्ये तिला कामावरून काढलं गेलं. फेब्रुवारी २००२ मध्ये दावा दाखल झाला. बँकेने सुमारे साडेतीनशे पानं तिच्या वकिलांना दिली, त्यांत ईमेलची शंभरेक पानं होती. झुबुलेककडे स्वतःजवळच ईमेलची सुमारे साडेचारशे पानं होती. जिच्याकडे फक्त स्वतःला आलेल्या पत्रांच्या प्रती आहेत, तिच्यापेक्षा बँकेकडे कमी कशी, या प्रश्नातून पुढचं सगळं निघालं.

बँकेचं उत्तर असं की बाकीचे संदेश बॅकअप टेपांवर आहेत, आणि त्या वाचायच्या तर सुमारे पावणेदोन लाख डॉलर खर्च येईल. न्यायाधीश शिरा शायंडलिन यांनी आधी पाच टेपा बँकेच्या खर्चाने उघडून पाहायला सांगितलं. त्यांत झुबुलेकच्या बाजूने बोलणारे संदेश निघाले. मग जुलै २००३ मध्ये त्यांनी उरलेल्या टेपा वाचण्याच्या खर्चाची वाटणी केली, पंचाहत्तर टक्के बँकेने आणि पंचवीस टक्के तिने. पैशाचा हिशेब वरवर रुक्ष वाटतो, पण त्याचा परिणाम मोठा होता. टेप महाग आहे म्हणून ती उघडणार नाही, ही कंपन्यांची ढाल त्या दिवशी पडली. एकटी बाई बँकेशी भांडत असताना खर्चाच्या भिंतीआड पुरावा लपून राहिला असता, तर डिस्कव्हरीच्या नियमाला अर्थच उरला नसता.

टेपा उघडायला घेतल्यावर कळलं की काही महिन्यांच्या टेपा नाहीतच. त्यांच्यावर नवी नक्कल उतरली होती. ऑक्टोबर २००३ च्या निकालात शायंडलिन यांनी एक तारीख शोधली, आणि कायद्याच्या दृष्टीने ती या खटल्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ठरली. पुरावा राखण्याची जबाबदारी कधी सुरू होते? दावा दाखल होतो तेव्हा, की त्याआधी? तक्रार ऑगस्टमध्ये झाली होती. पण झुबुलेकच्या आसपासच्या अधिकाऱ्यांना एप्रिल २००१ मध्येच चाहूल लागली होती की ही बाई कोर्टात जाणार. ईमेलांतून ते दिसत होतं. तेव्हा जबाबदारीही एप्रिलपासूनच. दावा येणार हे उमगलं त्या क्षणी आपोआप खोडण्याची व्यवस्था थांबवायची. वकिलांच्या बोलीत यालाच ‘लिटिगेशन होल्ड’ म्हणतात, आणि आज मोठ्या कंपन्यांच्या कायदा विभागातला नवशिक्या कर्मचारीही तो शब्द पहिल्या आठवड्यात शिकतो.

जुलै २००४ चा पाचवा निकाल वकिलांच्या उंबऱ्यापर्यंत पोचला. बँकेच्या वकिलांनी कर्मचाऱ्यांना काही खोडू नका असं सांगितलं होतं. तरी काहींनी खोडलं. मनुष्यबळ विभागातल्या एका कर्मचाऱ्याने या प्रकरणाची कागदपत्रं वेगळ्या फायलीत जपून ठेवली होती आणि वकिलाशी बोलताना तसं सांगितलंही होतं, पण वकिलाला वाटलं बोलणं बॅकअप टेपांबद्दल चाललं आहे. काही संदेश मागितल्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी हाती आले. शायंडलिन यांनी म्हटलं की सूचना देऊन वकिलाचं काम संपत नाही. प्रकरणाशी संबंधित माणसांना भेटायचं, ते फायली कुठे ठेवतात ते विचारायचं, सूचना पुन्हा पुन्हा द्यायची, टेपा ताब्यात घेऊन सुरक्षित ठेवायच्या. ज्युरीला प्रतिकूल अनुमान काढण्याची मोकळीक त्यांनी दिली. ६ एप्रिल २००५ रोजी ज्युरीने झुबुलेकला २ कोटी ९३ लाख डॉलर द्यायला सांगितले, त्यातले २ कोटींहून अधिक दंडादाखल होते.

शायंडलिन या जिल्हा पातळीच्या न्यायाधीश होत्या. त्यांचे निकाल दुसऱ्या कोणत्याही न्यायालयावर बंधनकारक नव्हते. तरी देशभरातल्या न्यायालयांनी ते उचलले, कारण हाताशी दुसरं काही नव्हतं, आणि त्यांत न्यायाधीशाने यंत्र कसं चालतं हे खरोखर समजून घेतलं होतं. टेप किती दिवसांनी पुन्हा वापरली जाते, ती कुठे जाते, कोण ती काढतो, अशा तपशिलांतून त्यांनी कायदा घडवला.

त्याच सुमाराला दोन मोठे स्फोट झाले. २००१ च्या शरद ऋतूत एन्रॉन ही कंपनी कोसळत असताना तिचे लेखापरीक्षक आर्थर अँडरसन यांच्या ह्यूस्टन कचेरीत कागद यंत्रात घालून फाडण्याचं काम चालू होतं. टनाहून अधिक कागद आणि तीस हजारांच्या आसपास ईमेल व संगणक फायली गेल्या. प्रकार भयंकर होता, पण पद्धत पाहा. कोणी ‘पुरावा नष्ट करा’ म्हटलं नाही. ‘आपलं कागदपत्रांचं धोरण पाळा’, एवढीच आठवण करून दिली गेली. जून २००२ मध्ये संस्था दोषी ठरली आणि जगभरात ८५ हजार माणसं काम करणारी ती पेढी काही महिन्यांत संपली. ३१ मे २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्युरीला दिलेल्या सूचना चुकीच्या होत्या म्हणून दोष एकमताने रद्द केला. तोवर वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मधल्या काळात, जुलै २००२ मध्ये, तपासात अडथळा आणण्यासाठी दस्तऐवज नष्ट केल्यास वीस वर्षांपर्यंत कैद देणारा सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला.

दुसरा स्फोट फ्लोरिडात. उद्योगपती रोनाल्ड पेरेलमन यांनी कोलमन ही तंबू-कंदिलांची कंपनी सनबीमला विकली, मोबदल्यात सनबीमचे समभाग घेतले आणि सनबीम बुडाली. सनबीमच्या सल्लागार मॉर्गन स्टॅन्लीने आपल्याला फसवलं असा त्यांचा दावा होता. बँकेने सगळा ईमेल शोधून दिल्याचं प्रमाणपत्र सादर केलं. मग ब्रुकलिनमध्ये १,४२३ बॅकअप टेपा पडून असल्याचं उघड झालं. न्यायाधीश एलिझाबेथ मास यांनी मार्च २००५ मध्ये फसवणुकीत बँकेचा हात होता हे सिद्ध झाल्याचंच गृहीत धरायला सांगितलं. ज्युरीपुढे भरपाईचा प्रश्न तेवढा उरला. मेमध्ये निकाल आला तो सुमारे १ अब्ज ४५ कोटी डॉलरचा. नुकसानीचा आकडाच पुराव्याने उभा राहत नाही म्हणून २००७ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला, पण त्या दोन वर्षांत अमेरिकेतल्या प्रत्येक बँकेने आपल्या गोदामातल्या टेपा मोजून घेतल्या.

सॅन दिएगोतलं क्वालकॉम आणि ब्रॉडकॉम या कंपन्यांचं प्रकरण याहून लहान, पण वकिलांसाठी अधिक बोचरं. सुनावणी संपत आली असताना एका साक्षीदाराच्या लॅपटॉपवर आधी न दिलेले एकवीस ईमेल असल्याचं उलटतपासणीत निघालं. शोध वाढवला तेव्हा आकडा ४६ हजारांवर गेला. २००८ च्या जानेवारीत क्वालकॉमला प्रतिपक्षाचा ८५ लाख डॉलरहून अधिक खर्च भरायचा हुकूम झाला आणि सहा वकिलांची नावं बार कौन्सिलकडे चौकशीसाठी गेली. वकिलांवरची कारवाई २०१० मध्ये मागे घेतली गेली. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे कोणी कोणाला नीट विचारलंच नव्हतं.

नियम बनवणारे मागोमाग आले. १ डिसेंबर २००६ पासून ‘इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवलेली माहिती’ ही वेगळी कोटी संघीय नियमांत आली. त्याच वेळी कंपन्यांना एक आडोसाही मिळाला. नेहमीच्या, प्रामाणिक वापरात यंत्राकडून माहिती गेली तर सहसा शिक्षा नाही. पण न्यायालयांचं एकमत होईना. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने २००२ मध्ये ठरवलं होतं की नुसत्या हलगर्जीपणाबद्दलही प्रतिकूल अनुमान काढता येईल. दुसरी न्यायालयं मात्र दुष्ट हेतू मागायची. शायंडलिन यांनी २०१० मध्ये पेन्शन कमिटीच्या खटल्यात आणखी कडक भूमिका घेतली. लेखी ‘होल्ड’ न काढणं हाच गंभीर हलगर्जीपणा, असं त्यांनी म्हटलं.

कंपन्या घाबरल्या. घाबरणं अगदीच खोटं नव्हतं. कोणता खटला कधी येईल हे कळत नसल्याने काहीच न खोडण्याकडे कल झाला आणि साठवणीचा खर्च वाढत गेला. नव्या मसुद्यावर २,३०० हून अधिक हरकती-सूचना आल्या. १ डिसेंबर २०१५ पासून नियम ३७(ई) बदलला. माहिती परत मिळत नसेल आणि प्रतिपक्षाचं नुकसान झालं असेल, तर नुकसान भरून निघेल इतपत उपाय. पण ज्युरीला प्रतिकूल अनुमान काढायला सांगायचं किंवा खटलाच निकाली काढायचा, तर प्रतिपक्षाला त्या माहितीपासून वंचित ठेवण्याचाच हेतू होता हे दिसलं पाहिजे. हलगर्जीपणा पुरे नाही.

लहान कंपनीवर अपघाताने संकट कोसळू नये, ही या बदलामागची दृष्टी न्याय्य आहे. पण हेतू शोधायचा तर माणसाची कृती पाहावी लागते, आणि यंत्र आपणहून खोडत असताना कृती असतेच कुठे? सगळा हेतू त्या दिवशी खर्च झालेला असतो ज्या दिवशी कोणीतरी सेटिंग ठरवलं, आणि तो दिवस खटल्याच्या कितीतरी आधीचा असतो.

गुगलच्या प्रकरणात हाच पेच उघडा पडला. सप्टेंबर २००८ मध्ये कंपनीत एक आतलं टिपण फिरलं. खटले आणि चौकशा वाढत आहेत, लिहिताना सांभाळा, असा त्याचा सूर होता, आणि कंपनीतल्या आपसातल्या चॅटचा इतिहास मुळात बंद ठेवण्याचा निर्णय त्यात होता. पुढे दोघांमधल्या चॅट चोवीस तासांत नाहीशा होत. खटला आला तरी कंपनीने ते यंत्र सरसकट थांबवलं नाही. होल्डखाली असलेल्या साडेतीनशेहून अधिक कर्मचाऱ्यांवर सोपवलं की विषय संबंधित वाटला तर इतिहासाचं बटण तुम्हीच चालू करा. फोर्टनाइट हा खेळ बनवणाऱ्या एपिकने २०२० मध्ये दावा लावला होता. न्यायाधीश जेम्स डोनाटो यांनी मार्च २०२३ मध्ये गुगलने आपलं कर्तव्य पाळलं नाही असा निष्कर्ष काढला, आणि वर्षअखेरच्या सुनावणीत ज्युरीला प्रतिकूल अनुमान काढण्याची मुभा दिली. ११ डिसेंबर २०२३ रोजी ज्युरीने एपिकच्या बाजूने निकाल दिला.

दुसऱ्या दोन न्यायालयांत याच चॅटवरून वेगळं घडलं. शोधयंत्राच्या मक्तेदारीच्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलच्या वागण्यावर कठोर शब्दांत टीका केली, पण शिक्षा केली नाही, कारण निकाल तसाही गुगलविरुद्धच जात होता. जाहिरातींच्या खटल्यात न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी एप्रिल २०२५ मध्ये जवळपास तेच केलं. तेच यंत्र, तेच सेटिंग आणि तीन न्यायाधीशांचे दोन मार्ग. मुळात खडे गेले हे दिसत असूनही उमेदवाराचा हात कुठे फिरला, हे दाखवताना न्यायालय चाचपडतं आहे.

भारतात हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला, आणि ती वाट मुंबईतून निघाली. इथल्या न्यायालयांना आधी पुरावा टिकला की नाही यापेक्षा तो खरा आहे का, हीच काळजी वाटली. लाच देऊ पाहणाऱ्या युसुफअली नगरीला पकडण्यासाठी मुंबई महापालिकेच्या एका लिपिकाने पोलिसांना साथ दिली आणि लपवलेल्या टेपरेकॉर्डरवर संभाषण उतरवलं गेलं. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टेप मान्य केली, पण ती सीलबंद केली नव्हती याकडे बोट दाखवून, फेरफाराचा संशय यायला नको म्हणून अशी टेप सील करून ठेवा असं बजावलं. मुंबईचे कॉरोनर आर. एम. मलकानी यांच्यावर लाचेचा आरोप होता. त्यांचं १९६४ मधलं फोनवरचं बोलणं पोलिसांनी ध्वनिमुद्रित केलं होतं. १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा टेपेसाठी अटी घातल्या. आवाज ओळखता यावा, संभाषण प्रकरणाशी संबंधित असावं आणि काही पुसलं-जोडलं गेल्याची शक्यता नाकारता यावी.

२००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुरावा कायद्यात कलम ६५-ब आणलं. संगणकातली माहिती न्यायालयात द्यायची तर ती ज्या यंत्रातून आली त्याच्या जबाबदार माणसाचं प्रमाणपत्र लागतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अनिवार्य म्हटलं आणि २०१८ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने सैल केलं. यातून निर्माण झालेला गोंधळ सुटला तो जालन्याच्या एका निवडणुकीमुळे.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात शिवसेनेचे अर्जुन खोतकर काँग्रेसच्या कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा अवघी २९६ मतं जास्त मिळवून निवडून आले. गोरंट्याल यांचं म्हणणं असं की खोतकरांचे उमेदवारी अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी तीननंतर दिले गेले, म्हणजे वेळ संपल्यावर. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत निवडणूक आयोगाच्या सूचनेने कॅमेरे चालू होते. कोण कधी दारात आलं, हे त्या चित्रीकरणात होतं. चित्रीकरणाच्या सीडी मिळाल्या, प्रमाणपत्र मिळेना. ते देणं अधिकाऱ्यांचं काम होतं. पत्रांवर पत्रं गेली, तरी त्यांनी ते दिलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये अधिकाऱ्याच्या साक्षीतून यंत्र नीट चालत होतं हे निघालं, एवढं पुरेसं मानलं आणि निवडणूक रद्द केली.

१४ जुलै २०२० रोजी न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन, एस. रवींद्र भट आणि व्ही. रामसुब्रमण्यन यांनी अपील फेटाळलं. प्रमाणपत्र अनिवार्यच, पण ज्या पक्षाने ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं आणि ते दुसऱ्याच्या हातात असून त्याने दिलं नाही, त्याच्यावर अशक्य गोष्टीचा भार टाकता येत नाही. धुराड्यातल्या पोराला मिळालेला दिलासा आणि हा दिलासा एकाच जातीचा आहे: ज्याच्या ताब्यात वस्तू आहे, त्याच्या नकाराची किंमत दुसऱ्याने का मोजावी?

त्याच निकालात पुढे दूरसंचार कंपन्यांसाठी एक आदेश आहे आणि तो भारतातल्या या विषयाचा गाभा आहे. तपासात एखादी कॉल नोंद जप्त झाली, तर त्या काळातल्या नोंदी वेगळ्या, सुरक्षित ठेवायच्या, म्हणजे बचावाला पुढे त्या मागता येतील. आरोपीच्या बाजूने बोलणारी नोंद अनेकदा तो मागायच्या आत पुसलेली असते, हे न्यायालयाने ओळखलं होतं. याआधी २०१५ मध्ये वाराणसीतल्या हॉटेलात झालेल्या मृत्यूच्या खटल्यात, तिथलं सीसीटीव्ही चित्रीकरण पोलिसांनी सादर केलं नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने कलम ११४ च्या ‘जी’ उदाहरणाचा आधार घेतला आणि दोन इटालियन नागरिकांना सोडलं होतं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आहेत. एक पक्षाने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फायलीची हॅश संख्या लिहावी लागते, म्हणजे मागाहून एक अक्षर बदललं तरी ते उघड होईल. युसुफअलीच्या टेपेला हवं होतं ते सील आता गणिताने लावता येतं. पण सील लावायला आधी वस्तू शिल्लक हवी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ मध्ये कागदपत्रं उघड करण्याचा हुकूम मोडणाऱ्याचा दावा किंवा बचाव रद्द करता येतो आणि २०१५ च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदींनाही ती शिस्त लावली. तरी दावा येणार हे दिसताच खोडणं थांबवा, असं अमेरिकेसारखं नेमकं बंधन आपल्या संहितेत लिहिलेलं नाही.

जिथे नागरिकाचा प्रतिपक्ष राज्यच असतं, तिथे या उणिवेची झळ सर्वाधिक लागते. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीपासून दरवाजापर्यंत, आवाजासह चित्रीकरण करणारे कॅमेरे बसवायला सांगितलं आणि ते चित्रीकरण अठरा महिने, तेवढी क्षमता असलेली यंत्रं मिळत नसतील तर निदान एक वर्ष, राखण्याचा आदेश दिला. कोठडीत काय झालं याचा साक्षीदार दुसरा कोणी नसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या आणि बंद पडलेल्या कॅमेऱ्यांच्या बातम्या वाचून त्याच न्यायालयाने आपणहून प्रकरण पुन्हा हाती घेतलं.